अर्जातला नववा रकाना

कृष्णाबाई टिपणीस. हे नाव आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढे जे काही चांगले माझ्या हातून घडल्यासारखे वाटेल, त्याचे श्रेय कोणाला द्यायचे ते वाचकांना कळेल. जे वाईट घडले ते मात्र माझे एकट्याचे.

टिपणीस बाई बदलापूरच्या मराठी शाळेत शिक्षिका होत्या. माझे वडील भाताच्या गिरणीत हमाल. आम्हा भोईरांच्या घरात अक्षर ओळखणारे कोणी नव्हते. चौथी झाल्यावर वडिलांनी मला गिरणीत कोंड्याची पोती शिवायला बसवले. आठवड्याभरात बाई तिथे हजर. विधवा बाई, डोक्यावरून पदर, आणि सगळीकडे उडणारा कोंडा. हमाल मंडळी काम थांबवून बघत राहिली.

"बाय, शिकून काय कलेक्टर होनार हाय का त्यो?" वडील म्हणाले.

"ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही ज्या कागदावर अंगठा उठवता, त्यात काय लिहिलंय ते तरी तुम्हाला वाचून दाखवील."

वडिलांनी माझ्या हातातला दाभण काढून घेतला. तिथून पुढे कल्याणची इंग्रजी शाळा, बाईंनी पत्रे लिहून मिळवलेली मुंबईच्या वसतिगृहातली जागा, आणि बी. ए. एवढा सगळा प्रवास त्या एका वाक्यावर झाला.

बाईंकडे सुट्टीत पेणहून त्यांची भाची येई. शालू. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. बाईंच्या ओटीवर आम्ही कविता पाठ करायचो. दिवसभर ती "मावशी, मावशी" करत बाईंच्या पदराला धरून असे. परत जायच्या दिवशी ओटीच्या खांबाला मिठी मारून बसे, आणि तिला सोडवताना बाई तोंड फिरवून घेत. पेणला हिचे आईवडील हिला मारत असतील, असा मी माझ्यापुरता निष्कर्ष काढला होता.

पदवी मिळाल्यावर अंबरनाथच्या बटणांच्या कारखान्यात मला कामगार खात्यात नोकरी लागली. आमच्याकडे शिंपल्याची आणि सेल्युलॉइडची बटणे होत. यंत्रावर पुरुष असत. बायका निवड खात्यात. लांब टेबलांवर बटणांचे ढीग ओतलेले असत. त्यांतली टवका उडालेली, भोक तिरपे गेलेली, रंग फिकट झालेली बटणे वेगळी करायची आणि चांगली बटणे पुठ्ठ्यावर टाचायची, असे ते काम. ऐकायला सोपे वाटते. मी स्वतः एकदा करून पाहिले होते. अर्ध्या तासात सगळी बटणे एकसारखी दिसायला लागली आणि मी चांगलीच बटणे टाकून दिली.

भरती मंगळवारी व्हायची. फाटकाजवळच्या खोलीत मी, समोर एक टेबल, टेबलावर एक ताट. ताटात मिसळलेली बटणे. येणाऱ्या बाईला सांगायचे, यातली खोडीची काढा. ती काढत असताना तिच्या हाताकडे बघायचे. डोळ्यांपेक्षा बोटांनी बटण ओळखणारी बाई उत्तम. ताट झाले की अर्ज. बहुतेकींना लिहिता येत नसे, म्हणून मी विचारायचो आणि मीच लिहायचो. नाव, गाव, नवऱ्याचे काम, वगैरे.

अर्ज पूर्वीपासून होता, पण तो मला फार विस्कळीत वाटला. नवीन पदवीधर माणसाला सगळेच विस्कळीत वाटते. मी रविवारी बसून नवा अर्ज तयार केला. त्यात नववा रकाना होता: अपत्ये. त्याचे चार पोटभाग: किती, सर्वांत लहान किती महिन्यांचे, अंगावर पिते काय, पुढे होण्याचा संभव आहे काय.

हे का, तेही सांगतो. बाळंतपणाच्या रजेचा पगार द्यावा लागे, हा एक भाग. दुसरा असा, की कारखान्यात पन्नासांपेक्षा जास्त बायका असल्या तर त्यांच्या लहान मुलांसाठी वेगळी खोली ठेवावी लागेल, असा कायदा नुकताच झाला होता. आमच्या निवड खात्यात त्यामुळे बायका बरोबर पन्नास. एक गेली तर एक घ्यायची. आणि जी घ्यायची ती शक्यतो मूल नसलेली.

आमचे व्यवस्थापक देसाई साहेब यांनी माझा अर्ज वाचला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "भोईर, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही." मी त्या दिवशी चालत नाही, तरंगत घरी गेलो.

या रकान्यामुळे जे प्रसंग पाहिले ते आज आठवले तरी हसू येते, आणि हसू पुरते येत नाही. तेव्हा निर्वासितांच्या कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले होते. बराकींमधून राहणाऱ्या सिंधी बायका कामाला येत. त्यांतली ईश्वरी नावाची एक बाई ताटातली बटणे अशी काढायची की जणू तांदळातले खडे. मी नववा रकाना विचारला तसा ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अदा, ये तो मेरी सास रोज पूछती है. अब तुम भी? एक घर में, एक दफ्तर में. दो-दो सास!" अदा म्हणजे सिंधीत भाऊ. बाहेर थांबलेल्या बायका खो खो हसल्या. मीही हसलो. "पण उत्तर सांगा," मी म्हणालो. "नाही बाबा, कुछ नाही," ती म्हणाली. मी लिहिले: अपत्ये नाहीत. ती लागली.

एकदा कारखान्यामागच्या बुवापाड्यातून एक म्हातारा सुनेला घेऊन आला. बाहेरूनच मोठ्याने सांगू लागला, "साह्यब, माजी सून वांझ हाय. लग्नाला सा वर्सं झाली, काय नाय. लिवून घ्या." ज्या शब्दासाठी घरात त्या बाईला रोज टोमणे बसत असतील, तोच शब्द तिचा सासरा आता शिफारस म्हणून वाजवत होता. ती जमिनीकडे बघत ताटातली बटणे निवडत होती. तिला मी घेतले.

आणखी एक. मंगळसूत्र कमरेला खोचून "लगीन झालं नाय" म्हणणारी. अर्ज संपवून उठताना ते टेबलापाशी पडले. मी ते उचलून तिच्या हातात दिले आणि अर्ज बाजूला ठेवला. त्यावेळी मला वाटले, मी सत्याच्या बाजूने उभा आहे.

ज्या बाईमुळे हे सगळे फिरले ती यमुना. बारवी नदीच्या बाजूच्या एका पाड्यावरची. नवरा रानात लाकूडतोडीला जाऊन तापाने गेला होता, आणि ती बुवापाड्यात भावाच्या आश्रयाला आली होती. तिने ताट पुढे ओढले आणि माझ्याशी बोलत बोलत, ताटाकडे न बघता, खोडीची बटणे काढली. मी मोजून ठेवलेली सगळी. त्याशिवाय एक जास्त. ते बटण मी उजेडात धरले तेव्हा त्यातली केसासारखी चीर मला दिसली.

"अपत्ये किती?"

"नाय."

"एकही नाही?"

"नाय म्हनलं ना."

तेवढ्यात फाटकाबाहेर एक तान्हे मूल रडले. तसे तर फाटकाबाहेर नेहमीच कोणी ना कोणी रडत असे. मी कधी तिकडे लक्ष दिले नव्हते. यमुना हलली नाही. पण तिच्या चोळीवर, पदराआडून, ओल पसरत गेली. तिने पदर ओढून घेतला. मी ते पाहिले, आणि मी पाहिले हे तिने पाहिले.

मी काय करायला हवे होते, हे मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी मी लेखणी उचलून लिहिले: एक, अंगावर पिते.

"जागा नाही," मी म्हणालो. "पुढे पाहू."

यमुना उठली. आवाज न चढवता म्हणाली, "पोरं किती, लहान किती, पितं का, समदं इचारलंस. त्याला ठेवू कुठं, तेवढं नाय इचारलंस."

ती माझ्या आईच्या बोलीत बोलत होती. माझ्या आईने मला भाताच्या खाचरात बांधावर पाटीत ठेवून लावणी केली होती. आणि मी त्या बोलीला पुस्तकी मराठीत उत्तर दिले होते.

तरीही त्या रविवारी मी बदलापूरला बाईंकडे गेलो तो अर्जाचा नमुना दाखवायलाच. इतका मी आपल्या रकान्यावर खूश होतो. यमुनेचा प्रसंगही मी सांगितला, "खोटं बोलत होती, पण मी पकडलं," अशा थाटात.

बाईंनी चष्मा लावून अर्ज वाचला. नवव्या रकान्यापाशी त्यांचे बोट थांबले. बराच वेळ त्यांनी ते हलवले नाही.

"गणपत," त्या म्हणाल्या, "हा प्रश्न मला विचारला होता."

"कोणी?"

"शाळा खात्याच्या साहेबांनी. माझ्या आधीची मास्तरीण मूल आजारी म्हणून रजा घ्यायची. त्यांना तशी बाई नको होती. मला विचारलं, मूलबाळ? मी म्हटलं, नाही."

"मग बरोबरच की. तुम्हाला कुठे..."

"शालू तेव्हा वर्षाची होती."

बाई अगदी साध्या आवाजात, शाळेत गोष्ट सांगावी तसे सांगत होत्या. नवरा वारलेला. सासरचे दार बंद. नोकरी नसती तर दोघी उपाशी. पेणला बहीण होती, तिला मूल नव्हते. मुलगी तिच्याकडे ठेवली. पुढच्या वर्षी आणू, असे ठरले होते. पण कागदावर "नाही" लिहून गेले होते. खोटे बोलल्याबद्दल नोकरी गेली तर? एक वर्ष गेले, दोन गेली. मुलगी बोलायला लागली तेव्हा बहिणीला आई म्हणाली आणि यांना मावशी.

"तिला माहीत आहे?" मी विचारले.

"लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितलं. म्हणाली, मला केव्हाच कळलं होतं. पण तोंडात मावशीच बसलं होतं, ते बसलंच." बाईंनी अर्जाची घडी घालून माझ्या हातात दिली. "तू गिरणीत पोती शिवत होतास तेव्हा मी तुला न्यायला आले. सगळ्या गावाची मुलं न्यायला गेले, गणपत. मला आपलीच तेवढी आणता येत नव्हती."

त्या मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

पुढच्या मंगळवारी यंत्रखात्यासाठी पुरुषांची भरती होती. माझ्या मनात काय आले कोण जाणे, मी तोच अर्ज पुढे घेतला आणि शिंपले कातणाऱ्या एका कातारीला विचारले, "अपत्ये किती?"

"तीन," तो छाती काढून म्हणाला. "चौथं वाटेवर हाय. का, बारशाला येताय?"

"त्यामुळे कामावर परिणाम होईल का?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "व्हनार ना. जास्त काम करावं लागंल!"

मी ते सगळे अर्ज साहेबांपुढे ठेवले. देसाई साहेब वाचून समाधानाने म्हणाले, "हा तीन पोरांचा घे. पोरंबाळं असलेला माणूस नोकरी सोडून पळत नाही."

"साहेब," मी म्हणालो, "बायकांच्या अर्जात याच रकान्यासाठी आपण त्यांना परत पाठवतो."

"अरे, ते वेगळं."

"वेगळं कसं?"

"पुरुषाच्या पोराला बायको सांभाळते. बाईच्या पोराला कोण सांभाळणार?" साहेब दुष्ट नव्हते. ते खरोखरच विचारत होते. "मी चौकशी केली म्हणून रागावण्यासारखं काय आहे? कारखाना बंद ठेवून चालेल का?"

मला त्यांचे म्हणणे अगदी चूक वाटले नाही, आणि पटलेही नाही. मी फक्त एवढेच म्हणू शकलो, "एक बाई नाकारलीय मी. त्या ताटात माझ्या नजरेतून सुटलेलं बटण तिने काढलं. तिला एक्कावन्नावी म्हणून घ्यावं, अशी विनंती आहे."

"म्हणजे पाळणाघर. ते तू चालवणार? दोन महिन्यांत कंटाळून दुसरी नोकरी बघशील."

मी बाहेर पडलो. निदान यमुना कुठे आहे ते तरी बघावे म्हणून दुपारच्या भोंग्याला मागच्या फाटकातून बुवापाड्याकडे निघालो. एरवी त्या वेळी मी टेबलावरच डबा उघडून बसलेला असे; तीन वर्षांत दुपारी कधी त्या बाजूला पाऊल टाकले नव्हते.

मागच्या भिंतीला लागून एक मोठी चिंच होती. तिच्याखाली पोत्यांवर, फाटक्या गोधड्यांवर लहान मुले होती. पंधरा, वीस, मला मोजवेना. त्यांच्यापाशी दोन-तीन म्हाताऱ्या आणि सात-आठ वर्षांच्या पोरी. निवड खात्याच्या बायका धावत आल्या आणि आपापले मूल उचलून पदराखाली घेऊन बसल्या. मी ज्यांच्या अर्जावर "अपत्ये नाहीत" असे सुवाच्य अक्षरात लिहिले होते, त्या बायका. अगदी कडेला, चिंचेला टेकून, मांडीवर एक गुबगुबीत मुलगा घेऊन ईश्वरी.

तिने मला पाहिले. मुलाला खाली ठेवले नाही.

"लिख लो, अदा," ती म्हणाली. "एक लड़का. अंगावर पितो."

माझ्या लक्षात आले, की माझ्या रकान्याने एकही मूल कमी केले नव्हते. त्याने फक्त त्यांना भिंतीच्या बाहेर काढले होते. आणि त्या बायका भोंगा झाला की धावत येत, धावत परत जात, आणि आत बसल्यावर कान बाहेर ठेवून बटणे निवडत.

मी ईश्वरीला म्हणालो, "साहेबांना हे दाखवू?"

बाकीच्या बायका उठून उभ्या राहिल्या. एक रडायलाच लागली. ईश्वरी म्हणाली, "दाखवशील तर आमची सगळ्यांची नौकरी तुझ्या माथ्यावर."

"नाही दाखवलं तर यमुनेची नोकरी माझ्या माथ्यावर राहते," मी म्हणालो. यमुना कोण, ते त्यांना ठाऊक होते. त्या दिवशी फाटकाबाहेर तिचे मूल त्यांच्यापैकीच एकीच्या सासूने धरले होते.

दोन दिवस त्यांची आपसात कुजबुज चालली. तिसऱ्या दिवशी ईश्वरी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "ले आ साहब को. सब मान गयी. पन्नास बायका एकदम काढणार नाही तुझा साहेब. पुठ्ठे कोण टाचेल, तू?" मी बटणे निवडल्याची गोष्ट खात्यात अजून सांगितली जात होती.

शुक्रवारी दुपारी मी साहेबांना मागच्या फाटकापाशी नेले. यमुनेलाही निरोप पाठवला होता. ती तिच्या मुलीला कडेवर घेऊन एका बाजूला उभी होती. भोंगा झाला. बायका धावत बाहेर आल्या आणि साहेबांना पाहून जागच्या जागी थांबल्या. सगळे ठरले होते, पण पाय उचलेना. मुलांनी आयांना पाहिले आणि एकेकाने हात वर करून भोकाड पसरले. आया दोन हातांच्या अंतरावर उभ्या, आणि एकही आपले मूल ओळखायला तयार नाही. एक रांगत आपल्या आईच्या पायाशी गेले. ती त्याच्याकडे न बघता साहेबांकडे बघत राहिली. इतका वेळ मी आयुष्यात दुसऱ्या कोणत्याच क्षणात उभा राहिलेला नाही.

मग यमुना पुढे आली. तिची नोकरी नव्हतीच. गमवायला तिच्यापाशी काही नव्हते. आपली मुलगी एका कडेवर, आणि ते रांगत आलेले मूल तिने दुसऱ्या कडेवर उचलले. "घे गं," ती त्या बाईला म्हणाली, "कवापासून हाक मारतंय तुला."

त्या बाईने मूल घेतले. ईश्वरीने आपले उचलले. मग सगळ्याच वाकल्या. रडणे एकेक करून थांबत गेले.

देसाई साहेब फाटकाला हात धरून उभे होते. त्यांच्या घरीही लहान नातू आहे, एवढे मला माहीत होते. ते तसेच वळले, चार पावले गेले आणि मागे न बघता मला म्हणाले, "भोईर, दुसरा भोंगा आज दहा मिनिटं उशिरा द्यायला सांग."

सगळे एका दिवसात झाले असे नाही. मालकांना पटवायला महिने गेले. पुठ्ठ्यांची जुनी वखार रिकामी करून घ्यायला साहेबांनी स्वतः भांडण केले. पण यमुना पुढच्याच सोमवारी कामावर लागली, एक्कावन्नावी. पुढे ती निवड खात्याची मुकादम झाली आणि मी चुकून खात्यात गेलो तर "भोईर, बटनांना हात लावू नगंस" म्हणून मला दम देऊ लागली. मंगळसूत्र पडलेली ती बाई मी पुष्कळ शोधली. सापडली नाही. हा एक काटा राहिलाच.

आजकाल मुलाखतीत बाईला मुलाबाळांविषयी विचारावे की नाही, यावर माझ्या सुनेच्या आणि तिच्या मैत्रिणींच्या गप्पा चालतात, आणि त्या मला निवाडा मागतात. मी सांगतो, मला तर्क फारसा येत नाही. मी एवढेच पाहिले आहे, की तोच प्रश्न पुरुषाला विचारला की त्याची किंमत वाढे आणि बाईला विचारला की तिची घटे. ज्या प्रश्नाला खरे उत्तर दिले की भाकरी जाते, तो प्रश्न नसतो, ते दार असते. कामावर घेऊन झाल्यावर "तुझ्या मुलाला कुठे ठेवू?" असे विचारा. मग तिने हसत उत्तर दिलेले मी ऐकले आहे.

पाळणाघर सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मी बाईंना पत्र लिहिले. त्या पत्राची नक्कल मी ठेवली नव्हती. बाई गेल्यावर काही महिन्यांनी शालूताई ते घेऊन माझ्याकडे आली. "आईच्या ट्रंकेत होतं," ती म्हणाली. ते जसेच्या तसे खाली देतो.

तीर्थस्वरूप बाईंस,

गणपतचा शिरसाष्टांग नमस्कार.

उद्या सकाळी आमच्या कारखान्यात मुलांची खोली उघडते आहे. वखारीच्या भिंतींना चुना दिला आहे. अकरा पाळणे टांगले आहेत, ते यंत्रखात्यातल्या पुरुषांनी जेवणाच्या सुट्टीत तयार केले. त्यांतल्या एकाने आपल्या चौथ्याचे नाव पाळण्यावर खडूने लिहून ठेवले आहे. त्याला सांगितले की ही सोय बायकांच्या मुलांसाठी आहे, तर म्हणतो, माझ्या बायकोलाही कामावर घ्या.

यमुना आता आमच्याकडेच आहे. ईश्वरीची सासू मुलांना सांभाळायला उद्यापासून येणार आहे. तिने येण्याआधीच अट घातली आहे की कारखान्यात सून तिला उलटून बोलणार नाही.

पण बाई, मुले वाढतात. तीन-चार वर्षांची झाली की त्यांना नुसते सांभाळून भागत नाही, त्यांना गाणी, गोष्टी, अक्षरे लागतात. साहेबांनी एका शिक्षिकेची जागा मंजूर केली आहे. आपण या वर्षी शाळेतून निवृत्त झालात, हे मला ठाऊक आहे. अंबरनाथ बदलापूरपासून दूर नाही. आपण यावे, ही विनंती करण्याचे धाडस करतो.

नियमाप्रमाणे अर्ज भरावा लागेल, म्हणून कोरा अर्ज सोबत जोडला आहे. मुलाखत मलाच घ्यावी लागणार, या विचाराने मला दोन दिवस झोप नाही. काय विचारू आपल्याला?

अर्ज नवा आहे. अपत्यांचा रकाना त्यात नाही. तो कोणालाच विचारायचा नाही, असे साहेबांकडून लिहून घेतले आहे. मात्र शेवटी थोडी जागा कोरी ठेवली आहे. तिथे काही लिहिलेच पाहिजे असे नाही. पण आपल्याला कोणाचे नाव लिहावेसे वाटले, तर ते अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहावे, एवढ्यासाठी ती जागा आहे.

आपला विद्यार्थी,
गणपत भोईर